पांढरी चार आणि बारा फुटांचा पाइप

साखर पेठेत आमच्या घराला लागून टॉवेलच्या यंत्रमागांचा कारखाना आहे. माग सुरू असले की पुढच्या खोलीत शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. फ्रेंच हॉर्न, म्हणजे फुंकून वाजवायचं एक पितळी वाद्य, शिकवायला याहून सोयीची जागा सोलापुरात शोधून सापडायची नाही. शिकाऊ पोरानं आत कसलाही सूर काढला तरी तो उंबरा ओलांडत नाही. तक्रार येते ती माग बंद असतील त्या दिवशी. समोरच्या माडीवरच्या आजी मग खिडकीतून विचारतात, “मास्तर, कारखान्याला सुट्टी हाय, तुमच्या पोरांना नाही का वो?”

मी पलटणीच्या बँडमधून निवृत्त झालेला हवालदार. दिवसा एका बँकेच्या दारात उभा असतो, सकाळी लवकर आणि संध्याकाळी हॉर्न शिकवतो. शिकणारे कधी चार-पाच असतात, कधी एकच. सोलापुरात हे वाद्य शिकायला येतं कोण, आणि तुम्ही शिकवता तरी कसं, असं ओळखीचे लोक विचारत राहतात. एका दमात सांगता येत नाही, कारण मी ज्या रीतीनं शिकलो त्या रीतीनं शिकवत नाही, आणि तरी तिच्यातलं बरंच काही मला सोडवत नाही.

घरात बँड होताच. अप्पा गिरणीत कामाला होते आणि लग्नसराईत बँड पार्टीत युफोनियम, म्हणजे जाड आवाजाचं एक पितळी वाद्य, वाजवायचे. त्यांच्या पार्टीत नोटेशन कुणालाच येत नव्हतं. सिनेमाचं नवं गाणं आलं की क्लॅरिनेटवाला म्होरक्या ते रेडिओवर ऐकून वहीत सरगम लिहायचा आणि त्या एका वहीवरून सगळी पार्टी पाठ करायची. मेरठहून आलेली वाद्यं, भाड्याचा लाल डगला आणि वरातीत चालता चालता श्वास कुठं चोरायचा याची अक्कल, एवढ्या भांडवलावर त्यांचे सीझन निघाले. ट्रंपेट मी त्यांच्याकडूनच शिकलो. पुढं गिरण्या एकेक करून बंद पडल्या, वरातीत डॉल्बी आला आणि अप्पांनी एका रात्री जेवताना सांगितलं, “भरती निघालीया. वाजवायचंच आसंल तर सरकारी पगारावर वाजीव.”

भरतीत ट्रंपेटवर दोन गाणी वाजवून दाखवली आणि निवड झाली. पलटणीच्या ट्रेनिंग सेंटरात पोचल्यावर उस्तादांनी रांगेत उभं करून एकेकाचे ओठ आणि दात पाहिले. ट्रंपेटवाले आधीच भरपूर होते. माझ्यापुढं थांबून ते म्हणाले, “तू हॉर्न बजाएगा,” आणि पुढच्या पोराकडं सरकले. माझ्या वाद्याची निवड म्हणतात ती ही.

स्टोअरमधून जे हातात आलं ते मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं. गोल गोल गुंडाळलेली पितळी नळी, सरळ केली तर साधारण १२ फूट भरेल. बेल, नळीचं पसरट तोंड, मागं वळलेली, म्हणजे वाजवणारा पुढं बघतो आणि आवाज पाठीमागं जातो. व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची वाट बदलून सूर बदलणाऱ्या झडपा, डाव्या हातानं दाबायचे आणि उजवा हात बेलच्या आत ठेवायचा. उजवा हात आत का, हे मला फार उशिरा कळलं. व्हॉल्व्ह निघाले ते १८१४ च्या सुमाराला. त्याआधी हॉर्न म्हणजे नुसती नळी होती, आणि अठराव्या शतकात ड्रेस्डेनच्या आंटोन हाम्पेल या वादकानं बेलमध्ये हात कमी-जास्त घालून मधले सूर काढायची रीत बसवली. उजवा हात असा आधीच कामाला लागलेला होता, म्हणून नवे व्हॉल्व्ह डाव्याच्या वाट्याला आले. सेंटरात यातलं कुणी काही बोललं नाही. “हाथ अंदर” एवढीच ऑर्डर होती.

मार्चमध्ये, म्हणजे पलटणीच्या कूच-संगीतात, हॉर्नच्या नशिबी काय येतं, ते वाजवणाऱ्यालाच ठाऊक. चाल क्लॅरिनेट-ट्रंपेटकडं, मधली गोड ओळ युफोनियमकडं. बास ‘उम्’ म्हणतो आणि हॉर्ननं त्याच्या मागोमाग ‘पा’ म्हणायचं. मार्च संपेपर्यंत ‘पा’. सुट्टीत अप्पांना माझा पार्ट वाजवून दाखवला तेव्हा ते बराच वेळ मान डोलवत बसले आणि मग म्हणाले, “गाणं कवा सुरू व्हतंय?”

पण त्या ‘पा’नं मला घडवलं हे खरं. दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध उतरायचं, आणि उतरताना शेजारच्या हॉर्नवाल्यांशी सूर मिळालेला असायचा, कारण आमचे सूर एकत्र येऊनच कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा मेळ, उभी राहायची. सकाळी लिंबाच्या झाडाखाली रांगेत उभं राहून लांब सूर धरायचे. उस्ताद सूर द्यायचे, पहिला पकडायचा, त्याच्याकडून दुसरा, दुसऱ्याकडून तिसरा. चुकलं तर मैदानाला फेरी. जुन्या मार्चचे हॉर्नचे पार्ट ई फ्लॅट या पट्टीत लिहिलेले असत आणि आमच्या हातात हॉर्न एफचा, म्हणजे एक सूर वरच्या पट्टीचा. त्यावर उस्तादांचा उपाय एका वाक्याचा होता: “एक सुर नीचे पढ़.” जोडीला स्ट्रेचर उचलायचं आणि जखमीला पट्टी बांधायचं शिक्षण होतंच, कारण लढाई लागली की बँडवाल्याचं काम ते. बेसूर वाजवणाऱ्या माणसाला नीट पट्टी बांधता आली तरी पलटणीला चालतं, असं आमचे एक सुभेदारसाहेब म्हणायचे. ते थट्टेत म्हणत की खरंच, ते कधी कळलं नाही.

वळण आलं ते पचमढीला. सैन्याची संगीतशाळा, मिलिटरी म्युझिक विंग, तिथं सातपुड्याच्या डोंगरात आहे. १९५० साली, करिअप्पा लष्करप्रमुख असताना सुरू झालेली. मला कोर्सला पाठवलं तेव्हा थंडी होती. सकाळी पितळ एवढं गार असायचं की पहिला अर्धा तास सूर खालीच बसायचा. तिथं नोटेशन, हार्मनी, दुसऱ्यांचे पार्ट लिहून काढणं, सगळं शिकलो. पण जे बरोबर घेऊन आलो ते एका शिक्षकाच्या सवयीमुळं. माझा सूर फुटला की ते “फिर से” म्हणत नसत. “पहले गा” म्हणत. गायला लाज वाटायची. फौजेत सहा फुटी माणसानं भर वर्गात सूर गायचा म्हणजे काय! पण गायलेला सूर दुसऱ्या फुंकरीला नेमका लागायचा. त्यांच्याकडं एक कॅसेट होती: इंग्रज हॉर्नवादक डेनिस ब्रेननं ऑर्केस्ट्रा-संचालक कारायानच्या हाताखाली १९५३ साली वाजवलेले मोझार्टचे चार हॉर्न काँचेर्टो, म्हणजे हॉर्न पुढं आणि ऑर्केस्ट्रा साथीला अशा रचना. ‘पा’ सोडून हॉर्न आणखी काय म्हणू शकतो, ते मी त्या कॅसेटवर ऐकलं. ब्रेन ३६ व्या वर्षी, १९५७ मध्ये, एडिंबरोहून कार्यक्रम आटोपून गाडी चालवत परत येताना अपघातात गेला, हेही त्या शिक्षकांनीच सांगितलं, आणि पुन्हा कॅसेट लावली.

‘पहले गा’ यात एवढं काय आहे, ते समजायला वाद्याची रचना बघावी लागते. पेटीची पट्टी दाबली की ठरलेला सूर निघतो. हॉर्नवर तसं नाही. एकही व्हॉल्व्ह न दाबता, ओठांचा ताण आणि हवेचा वेग बदलून त्याच नळीतून डझनभर सूर काढता येतात. खाली ते लांब लांब असतात: सा, मग एकदम पंचम, मग वरचा सा. वर जावं तसे ते जवळ येतात, आणि हॉर्नचं निम्मं आयुष्य तिथंच जातं. गच्च भरलेल्या एसटीत दिवे गेलेले असताना आपली सीट शोधायची, तसं ते काम. बोटं बरोबर असली तरी शेजारचाच सूर निघतो, तोही फुटका. जगातल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांतले हॉर्नवादकसुद्धा भर मैफलीत सूर फोडतात, ते याच पायी. सूर आधी डोक्यात ऐकू आला नाही तर ओठ त्याला शोधणार कुठं?

फौजेत हे भागून जातं, कारण शेजारी माणूस असतो. त्याच्या कानातला सूर आपल्या कानात येतो. निवृत्त होऊन घरी आल्यावर पहिला विद्यार्थी समोर बसला तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की याच्या शेजारी कुणीच नाही. एकटा, बंद खोलीत, पलीकडं माग. माझं सगळं शिक्षण रांगेतलं, आणि याला रांग कुठून आणू?

तो पोरगा बँड पार्टीतला होता, ट्रंपेटवाला, विजापूर वेशीकडचा. त्याला हवाई दलाच्या संगीतकार भरतीत जायचं होतं. त्यांच्या वाद्यांच्या यादीत फ्रेंच हॉर्न आहे, आणि ट्रंपेटवाल्यांच्या गर्दीपेक्षा हॉर्नवाला वेगळा दिसेल, हा त्याचा हिशोब. हिशोब काही वाईट नव्हता. “काका, मला एकदम मिलिटरीसारखं शिकवा,” म्हणाला. मी त्याला हॉर्नला हात लावू दिला नाही. आधी पाइप दिला.

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, हे सांगायला नको. त्यामुळं घरोघरी प्लास्टिकचा लांब पाइप असतो आणि मधल्या दिवसांत तो खुंटीवर रिकामा लटकतो. मी त्यातला १२ फुटांचा तुकडा कापून घेतला. एका टोकाला हॉर्नचं माउथपीस बसवलं, दुसऱ्या टोकाला रॉकेलच्या काळातलं नरसाळं. झाला एफचा हॉर्न, व्हॉल्व्ह नसलेला, मोझार्टच्या काळातल्यासारखा. ही माझी शक्कल नव्हे. १९५६ साली लंडनच्या हॉफनुंग या विनोदी संगीत महोत्सवात ब्रेननं स्वतः बागेच्या पाइपवर मोझार्टच्या वडिलांची, लिओपोल्ड मोझार्टची, रचना भरल्या सभागृहात वाजवली होती. आमच्या घरी बायकोला फक्त एवढंच सांगावं लागतं की उद्या पाण्याची पाळी नाही.

दुसरी वस्तू मोबाइलवरचा तानपुरा. एफ म्हणजे आपली पांढरी चार, पेटीची चौथी पांढरी पट्टी. तानपुरा पांढरी चारला लावायचा आणि पाइप फुंकायचा. खालचा सा आधी हाताला लागत नाही, म्हणून तो सोडून द्यायचा. पंचम सापडतो, वरचा सा सापडतो, मग त्याच्यावर अचानक गांधार निघतो. पोरांचे चेहरे त्या क्षणी बघण्यासारखे असतात. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडता जो गांधार ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गांधार म्हणतात, तोच हा. तारेत आणि नळीत तो एकाच हिशोबानं येतो, मूळ कंपनाच्या पाचपट. तानपुरा आणि पाइप मिळाले की दोघांचे गांधार एकमेकांत विरघळतात आणि खोली भरून जाते, माग चालू असले तरी. त्याच्या वर पुन्हा पंचम, मग आपल्या कोमल निषादापेक्षाही थोडा उतरलेला एक निषाद, मग सा, रे, ग. आणि त्याच्याही वर एक मध्यम असा, जो शुद्धही नाही आणि तीव्रही नाही, दोघांच्या मधे अडकलेला. व्हॉल्व्ह आले तेव्हा त्याची गरज संपली, पण पाइपवर तो अजून बसलेला आहे.

रांगेतला शेजारी मला असा मिळाला. तानपुरा सूर देतो, विद्यार्थी आधी गातो, मग नुसत्या माउथपीसवर ओठ थरथरवून तोच सूर काढतो, मग पाइपवर. पहिले काही आठवडे एवढंच. फी त्यानंतर सुरू होते. पुष्कळ जण तोवर गळतात आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. सिनेमाचं पार्श्वसंगीत ऐकून भारावलेला इंजिनीअरिंगचा एक पोरगा आला होता, पाइप बघून म्हणाला, “सर, खरं वाद्य कधी?” आणि पुढच्या परीक्षेनंतर परत दिसला नाही.

ओठांबद्दल मी फार बोलत नाही. माउथपीसचा साधारण दोन तृतीयांश भाग वरच्या ओठावर, एक तृतीयांश खालच्यावर. गाल फुगवायचे नाहीत. दाबून वरचा सूर काढायचा नाही. फौजेत दाबून वाजवणारे खूप पाहिले. दुपारपर्यंत त्यांचे ओठ सुजलेले असत. म्हणून माझ्याकडं जेवढं वाजवायचं तेवढीच विश्रांती: पंधरा मिनिटं वाजव, पंधरा मिनिटं नोटेशन वाच. दुधाचे दात पडून पुढचे पक्के दात आलेले नसले तर मी घेतच नाही. डबल हॉर्न, म्हणजे दोन नळ्यांचा हॉर्न, अडीच किलोच्या आसपास भरतो, लहान पोराला तो पेलतही नाही. आणि सोलापूरकरांसाठी खास सूचना: वर्गाला येताना शेंगाचटणी-भाकरी खाऊन येऊ नये. आलात तर भरपूर चुळा भराव्यात. तिखट ओठाला माउथपीस लागलं की काय होतं ते ज्याचं त्याला कळतं, पण दाण्याचा कूट माउथपीसच्या पुढच्या नळीत, लीड पाइपमध्ये, अडकला की तो काढत बसायचं काम माझ्याकडं येतं.

माझी आवडती विद्यार्थिनी कोण, असं विचारू नये, पण ती कारखानदाराची मुलगी आहे. घरात तेलुगू, बाहेर मराठी, मला ‘सार’ म्हणते. माग बंद असलेल्या एका दिवशी तिनं भिंतीपलीकडून हॉर्न ऐकला आणि वडिलांना घेऊन दारात आली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनाच्या परीक्षा तिनं दिल्या होत्या. तिच्यामुळं मला एक गोष्ट कळली जी पचमढीत कुणी सांगितली नव्हती. हॉर्नवादकाची सगळ्यांत मोठी डोकेदुखी म्हणजे पार्ट वेगवेगळ्या पट्ट्यांत लिहिलेले असतात. कागदावर एक सूर, वाजतो दुसराच. जुने संगीतकार कधी डी, कधी ई फ्लॅट, कधी ए, असं मनाला येईल त्या पट्टीत लिहीत, कारण तेव्हाचा वादक नळीचा तुकडा बदलून हॉर्नच त्या पट्टीचा करत असे. पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेली पोरं यात वर्षं घालवतात. या मुलीला मी जुना ई फ्लॅटचा मार्च दिला आणि उस्तादांसारखं “एक सूर खाली वाच” म्हणायच्या ऐवजी म्हणालो, “सा खाली सरकला.” तिनं तो सरळ वाचून काढला. वर मलाच विचारलं, “यात अवघड काय होतं, सार?” काळी चारला शिकलेलं गाणं काळी दोनला गाणाऱ्या माणसाला सा हलला याचं काही वाटत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी सरगमीत वाचायला लावतो, मग एबीसीत.

तिची खरी अडचण निघाली पियानोबरोबर. लंडनच्या एबीआरएसएम मंडळाच्या ग्रेड परीक्षा हॉर्नसाठी आहेत, आणि २०२० पासून चार रचना सलग वाजवून व्हिडिओ पाठवायचीही सोय आहे. म्हणजे मुंबई-पुण्याची वारी टळते, पण साथीला पियानो हवा. चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारे एक काका तयार झाले. पहिल्याच तालमीला तिचा गांधार त्यांच्या गांधाराशी भांडायला लागला. दोघंही आपापल्या जागी बरोबर. कीबोर्डचा गांधार स्वयंभू गांधारापेक्षा किंचित चढा असतो. एका सेमीटोनचे १०० भाग केले तर जवळपास १४ भागांनी. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला तो टोचतो. काका म्हणाले, मुलीचा कान कच्चा आहे. मला राग आला, पण कीबोर्डवाला मिळणंच मुश्कील, म्हणून गप्प बसलो.

मग उजव्या हाताचं शिक्षण सुरू केलं. बेलमध्ये हात थोडा मिटला की सूर उतरतो, उघडला की चढतो. एकच गांधार तानपुऱ्याला एक आणि कीबोर्डला एक, असा दोन जागी लावायचा. यासाठी मी एक चादर वापरतो. हॉर्नचा आवाज मागं जातो, त्यामुळं पाठीमागची भिंत हा वाद्याचाच भाग असतो. भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगली की आवाज कोरडा होतो आणि हाताची बारीकशी हालचालही कानाला उघडी दिसते. चादर काढली की खोली पुन्हा गोडवा देते आणि पोरांना वाटतं आपण फार छान वाजवतो. म्हणून सराव चादरीपुढं, व्हिडिओ भिंतीपुढं. हात पूर्ण कोंबून बेल बंद केली तर एफच्या नळीवर सूर अर्ध्या पट्टीनं वर उडी मारतो आणि पातळ, धातूसारखा होतो. हे तिला इतकं आवडलं की महिनाभर दुसरं काही वाजवेना.

उन्हाळ्यात शिकवणं सकाळी सहाला आणतो. पारा ४२-४३ ला गेला की नळीतली हवा तापून सूर चढतो, सूर जुळवायची सरकती नळी, ट्यूनिंग स्लाइड, कितीही बाहेर ओढली तरी पुरत नाही, आणि ओठ कोरडे पडतात ते वेगळंच. पचमढीत सूर खाली बसायचा, इथं वर पळतो.

दुरुस्तीला माणूस नाही, म्हणून ते कामही पोरांना शिकवतो. हॉर्नचे व्हॉल्व्ह गोल फिरणारे असतात आणि प्रत्येक चावी एका बारीक दोरीनं व्हॉल्व्हला बांधलेली असते. दोरी तुटली की चावी लुळी. पलटणीत स्टोअरची दोरी मिळायची, इथं कारखानदारांनी आपल्या गोदामातलं नमुन्यांचं खोकं समोर ठेवलं, “बघा, यातलं कुठलं चालतं?” सुती दोरा घासून लवकर झिजतो. पॉलिएस्टरचा घट्ट पिळाचा दोरा टिकला. गाठ कशी मारायची ते त्यांच्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्यानं, माझ्यापेक्षा चांगलं दाखवलं. तेल, स्लाइडचं ग्रीस, आतून फिरवायचा लवचीक ब्रश, एवढं प्रत्येकाकडं असलंच पाहिजे. वाजवून झाल्यावर नळीतून पाणी काढतात ते बघून नवे पालक नाक मुरडतात. ती बहुतेक श्वासाची वाफ असते, थुंकी नव्हे, पण हे मी किती वेळा सांगणार?

बँडवाल्या पोराची भरती अजून व्हायची आहे. निवड चाचणीत आधी तयारी केलेली एक रचना वाजवावी लागते, वाद्य सुरात लावून दाखवावं लागतं आणि परीक्षकानं दिलेला सूर पकडावा लागतो. शेवटच्या गोष्टीची त्याला आता धास्ती नाही. नोटेशनची आहे; सरगमीच्या वहीवर वाढलेला पोरगा, माझ्या अप्पांसारखाच. त्याला मी रोज कोप्राशचा एक अभ्यास वाचायला लावतो. एकोणिसाव्या शतकातले हे साठ अभ्यास. अजून हॉर्न शिकणाऱ्याची त्यातून सुटका नाही. शनिवारी त्याला आणि मुलीला एकत्र बसवतो. दोघांत एकच मार्च: एक चाल वाजवतो, दुसरा ‘पा’, मग अदलाबदल. एकेकट्याला शिकवणं कितीही चांगलं असलं तरी हे त्यातून मिळत नाही. मुलीला ‘पा’ कंटाळवाणा वाटतो. पोराला तो वरातीतल्या ढोलामुळं आधीच येतो, म्हणून शनिवारी तो भाव खाऊन घेतो.

आता मुलीला स्वतःचा हॉर्न घ्यायचाय. माझ्याकडचा शिकवायचा हॉर्न मेरठचा, एकेरी एफचा, वरचे सूर त्यावर फार झगडून काढावे लागतात. डबल हॉर्नमध्ये एफच्या नळीबरोबर सुमारे नऊ फुटांची बी फ्लॅटची नळीही असते आणि अंगठ्याच्या चावीनं एकीवरून दुसरीवर जाता येतं. ही रचना एर्फुर्टच्या क्रुस्पे कारखान्यातून १८९७ च्या सुमाराला आली आणि आज बहुतेक सगळे वादक तीच वापरतात. नवा जपानी हॉर्न काही लाखांत जातो. कारखानदारांची देण्याची तयारी आहे, मीच थांबवलंय. जुना घ्यावा, पण बघून. प्रत्येक स्लाइड व्हॉल्व्ह न दाबता ओढायची, ‘फट्’ असा आवाज आला तर व्हॉल्व्ह हवा धरतात. हातानं घासून पितळ पातळ झालंय का ते पाहायचं. लीड पाइपवर गुलाबी ठिपके असले तर पितळ आतून कुजायला लागलंय. आणि शेवटी ज्याला वाजवायचंय त्याच्या हातात देऊन, गायला लावून, तोच सूर काढायला सांगायचा.

पुण्यात एक जुना डबल हॉर्न विकायला आहे. पुढच्या आठवड्यात हुतात्मा एक्सप्रेसनं आम्ही तिघं तो बघायला जाणार आहोत. विकणाऱ्यानं फोटो पाठवलेत. लीड पाइपवर दोन गुलाबी ठिपके दिसतात. ते दाखवून मी किंमत बरीच खाली सांगितली आहे, त्यानं अजून होही म्हटलेलं नाही आणि नाहीही.